फुकटचं औषध

कोणी काही फुकट देतोय म्हटलं की माझं लक्ष आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे जातं. एका हाताने देतोय, मग दुसऱ्याने काय काढून घेतोय? हा माझा स्वभाव आहे आणि वय झालं तरी तो काही गेलेला नाही. नवरा म्हणायचा, तू देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खातेस. खाते. एकदा खवट खोबरं लागलं होतं, म्हणून खाते.

तेव्हा आमच्या चाळीत ट्रस्टवाले पहिल्यांदा आले, त्या दिवशी माझं डोकं कसं चालू झालं असेल ते सांगायला नको. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. घाटकोपरला डोंगराच्या कडेला आमची चाळ, त्यात बरीचशी घरं आमच्यासारखीच, कोकणातून आलेली आणि गिरणीवर जगलेली. गिरणी गेली तसं विम्याच्या दवाखान्याचं कार्डही गेलं. आधी ताप आला की कार्ड घेऊन उठायचं. आता ताप आला की दोन दिवस वाट बघायची, आपणहून उतरतोय का म्हणून. नवऱ्याला साकीनाक्याला प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या कारखान्यात काम मिळालं होतं, पण तिथे कार्डबिर्ड काही नव्हतं. आजारी पडलास तर घरी बस, एवढीच तिथली सोय.

अशा वेळी फोर्टमधल्या कुठल्याशा श्रीमंत ट्रस्टच्या मनात आलं की उपनगरांत आरोग्य केंद्रं काढावीत. एक मुलुंडला, एक गोवंडीला, एक दहिसरला आणि एक आमच्याकडे. डॉक्टर त्यांचा, औषधं त्यांची, पैसा त्यांचा. आमच्याकडून त्यांना फक्त मंडळाची खोली हवी होती, जिथे पोरं एरवी कॅरम खेळायची. मी म्हटलं, झालं. कुठेतरी पाणी मुरतंय.

मी एकटीच असं म्हणत नव्हते हो. चाळीतल्या सगळ्या बायकांचं तेच. काही वर्षांपूर्वी माणसं पकडून नेऊन नसबंदी केलेली आम्ही विसरलो नव्हतो. एक म्हणाली, सुई टोचतील आणि पोरंच व्हायची बंद होतील. दुसरी म्हणाली, धर्म बदलायला लावतील. माझा स्वतःचा संशय असा की यांचा डोळा आमच्या चाळीच्या जमिनीवर आहे. ट्रस्टच्या पोरी घरोघर फिरून किती माणसं, कोण आजारी असं विचारत होत्या आणि जाताना दारावर गेरूने आकडे टाकत होत्या. दारावर आकडा टाकायला आधी कोण आलं होतं? झोपड्या पाडणारे. माझ्या सासूबाईंनी पोरी जिना उतरायच्या आत ओल्या फडक्याने आकडा पुसला. त्यांचं बघून शेजारणीने पुसला, तिचं बघून पलीकडचीने. संध्याकाळपर्यंत आमच्या मजल्यावरची सगळी दारं दिवाळीला धुतात तशी चकाचक.

आणि आजारी कोण, असं विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, आमच्याकडे कोणी नाही. रात्रभर खोकणारी माणसं त्या दुपारी खोकला दाबायला जिभेवर साखर ठेवून बसली होती. टीबी आहे म्हणून कोण सांगणार? त्या घरातल्या पोरीला कोणी मागणी घालत नाही आणि पोराला कोणी पोरगी देत नाही. टीबी हा शब्दच आमच्यात कोणी उच्चारायचं नाही. ‘त्याला ते झालंय’ म्हणायचं.

मग ट्रस्टने आणखी एक गंमत काढली. चाळीतलीच एक शिकलेली बाई त्यांना आरोग्यसेविका म्हणून हवी होती. थोडं मानधन, आधी मुलुंडच्या केंद्रात शिकवणी, मग आपल्याच वस्तीत काम. मी मॅट्रिक होते. नळावर बायकांनी मला घेरलं. म्हणाल्या, तूच जा, तुझं नाक तिखट आहे, आत शिरून बघ आणि आम्हाला सांग हे लोक कशाला आलेत. म्हणजे मी नोकरीला लागले ती हेरगिरी करायला. खोटं कशाला बोलू, मानधनही हवंच होतं.

आत शिरले आणि माझी फार निराशा झाली. काही सापडेचना. औषधांच्या बाटल्या बघितल्या, तारखा बघितल्या, सगळं नीट. डॉक्टर तरुण होता, आठवड्यातून दोनदा यायचा आणि चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायचा. भिंतीवर ट्रस्ट काढणाऱ्या शेठजींच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता, तेवढाच काय तो मोठेपणाचा देखावा. शेवटी नवऱ्याच्या युनियनमधल्या एका जुन्या मित्राने सांगितलं की वहिनी, धर्मादाय केला की त्यांचा टॅक्स वाचतो. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. चला, काहीतरी तर मिळतंय त्यांना. ज्याला काहीच मिळत नाही अशा माणसाची मला जास्त भीती वाटते.

पैसा कसा यायचा तेही कळलं. ट्रस्ट एका वर्षाचीच मदत मंजूर करायचा. वर्ष सरत आलं की फोर्टहून एक बाई तपासणीला यायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं एकदम शुद्ध. किती रोगी धरले, किती बरे झाले, औषध कुठे गेलं, सगळं विचारायच्या. त्यांच्या शब्दावर पुढच्या वर्षाचं केंद्र. आणि त्यांचा आमच्यावर विश्वास म्हणून नव्हता. दुसऱ्या कुठल्याशा वस्तीत म्हणे रोग्यांना घरी दिलेली औषधं बाजारात विकली गेली होती. तेव्हापासून त्या प्रत्येकाकडे चोर असल्यासारखं बघायच्या. मला तर पहिल्या भेटीतच पायापासून डोक्यापर्यंत असं न्याहाळलं की मी मनात म्हटलं, बाई गं, तू माझ्या वरताण आहेस.

आता आमच्या शेजारच्या काकूंबद्दल सांगते. या काकू विधवा, मूलबाळ नाही, पापड लाटून पोट भरायच्या. आडव्या बांध्याच्या, आणि आवाज असा की पापड वाळत घालताना कावळ्यांना हाकललं तर खालच्या गल्लीतली पोरं दचकायची. आमची खोली एकच, म्हणून माझी नणंद रात्री काकूंकडे झोपायला जायची. वयात आलेली पोरगी शेजारच्या एकट्या बाईकडे झोपते, यात नवल काही नाही, चाळीत सगळीकडे तेच. नणंद अंधेरीला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात जात होती. सकाळी लवकर जायची ती अंधार पडता पडता यायची. दहिसरच्या एका घरात तिचं लग्न ठरल्यात जमा होतं. हुंडा नको, मानपान नको, असं ते लोक म्हणाले तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, नीट चौकशी कर, मुलात काहीतरी खोट असणार. नवरा म्हणाला, तू गप बस.

तर या काकू एक दिवस केंद्रावर आल्या आणि म्हणाल्या, मला खोकला आहे, थुंकी तपासा. डबी दिली, दुसऱ्या दिवशी त्या भरून घेऊन आल्या, तपासणीत टीबी निघाला. मी थक्क. डॉक्टरने सुया आणि गोळ्या दोन्ही सांगितल्या. काकू म्हणाल्या, सुई बघितली की मला चक्कर येते, गोळ्या द्या. डॉक्टरने खूप समजावलं, ओरडला, काकू ढिम्म. शेवटी तो म्हणाला, काहीच न घेण्यापेक्षा गोळ्या तरी घेऊ दे. त्या आठवड्याच्या गोळ्या पदरात बांधून न्यायच्या.

महिने गेले. थुंकी तपासली की टीबी आहेच. आणि काकू मात्र दिवसेंदिवस गुटगुटीत. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. टीबीची बाई कावळ्यांवर अशी ओरडते? हिला कधी धाप लागलेली मी पाहिली नाही. म्हणजे हिला काही झालेलंच नाही. मग तपासणीत टीबी येतो कसा? आणि मला एकदम उजेड पडला. ट्रस्टवालेच खोटे रोगी उभे करताहेत. रोगी दाखवले की केंद्र चालू, केंद्र चालू की शेठजींचा टॅक्स वाचणार. अस्सं, म्हणजे चोरी इथे आहे तर. खरं सांगते, मला आनंद झाला. आत शिरल्याचं सार्थक झालं असं वाटलं.

तपासणीच्या बाई आल्या तेव्हा मीच त्यांना म्हटलं, या रोग्याच्या छातीचा फोटो काढा. मनात बाईंना म्हणत होते, आता बघू कशी सापडतेस. बाई सरळ हो म्हणाल्या. त्या दिवशी ट्रस्टची फिरती एक्स-रेची गाडी आलेली होतीच. काकू नको नको म्हणत होत्या, डोकं दुखतंय, देवाला जायचंय, काय काय बहाणे. मी हाताला धरून त्यांना गाडीत चढवलं.

फोटो आला. डॉक्टरने उजेडात धरला आणि म्हणाला, छाती स्वच्छ आहे, या बाईला कधी टीबी झालेलाच नाही.

मी बाईंकडे बघितलं, आता चेहरा कसा पडतो ते बघायला. बाई माझ्याकडेच बघत होत्या. चष्मा काढून त्यांनी शांतपणे विचारलं, “मग गोळ्या कुठे जातात?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गोळ्या मी देत होते, डब्या मी घेत होते, रोगी माझी शेजारीण. बाईंच्या हिशेबी दोन बायकांनी मिळून कोणाची तरी थुंकी आणली, खोटा रोगी केला आणि महिनोन्‌महिने औषध विकलं. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. बाई म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात मी परत येईन, तोपर्यंत उत्तर मिळालं नाही तर या केंद्राची मदत थांबवावी असंच मला लिहावं लागेल. खोलीत तेव्हा खरेखुरे रोगीही बसले होते, ज्यांना आमच्या गोळ्यांनी उतार पडत होता. त्यांच्यापैकी एक म्हातारा माझ्याकडे असा बघत राहिला की मला तिथे उभं राहवेना.

तडक काकूंच्या दारात गेले. त्या पोळपाटापाशी बसल्या होत्या, पण लाटत नव्हत्या. मी तोंडाला येईल ते बोलले. माझ्या ताटात माती कालवलीत, गरिबांचं औषध विकलंत, देव बघून घेईल. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्या बाईने कधी कोणाचं ऐकून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, “मी एक गोळी विकली नाही. तुझ्या सासूला विचार.”

सासूबाई घरात तांदूळ निवडत होत्या. मी काही विचारायच्या आतच त्यांनी ताट खाली ठेवलं. माझं ओरडणं भिंतीतून ऐकू आलंच होतं. मला बसायला सांगितलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “गोळ्यो आमच्या चेडवाक जातत.”

आमच्या पोरीला. माझ्या नणंदेला.

मग एकेक उलगडत गेलं. नणंदेला संध्याकाळचा ताप येत होता, रात्री ती उशीत तोंड दाबून खोकायची, आणि हे काकूंना सगळ्यात आधी कळलं, कारण ती झोपत होती त्यांच्याकडे. दिवसा खोकली तर म्हणायची, कारखान्यात सोल्डरिंगचा धूर जातो छातीत. वाळली तर आम्ही म्हणायचो, लग्न ठरलं की पोरी वाळतातच. काकूंनी सासूबाईंना सांगितलं, आणि दोघींनी मिळून ठरवलं. पोरीचं नाव केंद्रावर लागलं तर चाळभर होणार, दहिसरला पोचायला कितीसा वेळ? काकूंचं कुठे लग्न व्हायचंय? म्हणून नाव काकूंचं. थुंकी पोरीची, गोळ्या पोरीला. सुई तेवढी दुसऱ्याच्या नावावर घेता येत नाही, म्हणून ती टाळली.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आई, सुयांशिवाय ती बरी होणार नाही, नुसत्या गोळ्यांनी रोग उलट हटवादी होतो. घरात मी हेच काम करते, मला का नाही सांगितलं? सासूबाई म्हणाल्या, “तू तेंचा मीठ खातस. तुका कसा सांगू?”

हे मला फार लागलं. ज्यांच्यावर नजर ठेवायला मी गेले होते, त्यांच्यातलीच एक म्हणून माझं घर माझ्यापासून लपवाछपवी करत होतं. रागाने रडू आलं मला. पण भांडायला वेळ नव्हता. दिवेलागणीला नणंद आली, तिने चपला काढल्या, आमचे चेहरे बघितले आणि समजून चुकली. उंबऱ्यातच खाली बसली. किती बारीक झाली होती ती, मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

“वहिनी, मला मरायचं नाहीये गं,” ती म्हणाली. “पण लग्नही मोडायचं नाहीये.”

दोन्ही तिला हवं होतं. का नको हवं असायला? विशी ओलांडली होती नुकती.

बाई परत आल्या तेव्हा मी त्यांना बाजूला नेऊन सगळं खरं सांगितलं. त्यांनी एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही. म्हणाल्या, आता ही नवी गोष्ट. त्यांची काही चूक नाही म्हणा, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी म्हटलं, पोरगीच दाखवते. पण इथे नको, मुलुंडच्या केंद्रात दाखवते, तिथे आम्हाला कोणी ओळखत नाही.

दोघी बसने मुलुंडला गेलो. नणंदेने तोंडावर पदर घेतला होता. फोटो निघाला, तिथल्या डॉक्टरने तो धरला आणि या वेळी कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती, मलासुद्धा दिसत होतं. तपासणीच्या बाई मुद्दाम आल्या होत्या. त्या फोटोकडे बघत राहिल्या, मग नणंदेकडे. तिला त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मला मात्र म्हणाल्या की केंद्र चालू राहील, पण नियम नियमच आहे, सुया रोज आणि गोळ्या समोर गिळायच्या, घरी काही मिळणार नाही. पहिले काही महिने सुया, गोळ्या वर्षाच्या वर. रोज मुलुंडला येणं जमण्यासारखं नव्हतं, पोरीत तेवढी ताकदच नव्हती. आणि आमच्या केंद्रावर रोज सुई घ्यायला येणारी पोरगी म्हणजे चाळीत दवंडीच.

परतीच्या बसमध्ये मला सुचलं. केंद्रावर रोज कोण जातं आणि कोणी त्याला रोगी म्हणत नाही? मी. तर हिलाही माझी मदतनीस करायची. कारखाना सोडायचा, धुराने डोळे बिघडले म्हणून सांगायचं. रोज माझ्याबरोबर यायचं, खिडकीशी बसून कापूस गुंडाळायचा, आणि पडद्याआड गेलं की माझ्या हातून सुई घ्यायची. बाईंना जाऊन विचारलं तर म्हणाल्या, मदतनीस म्हणून ट्रस्टकडे पैसा मंजूर नाही. मी म्हटलं, एक पैसा नको, तुम्ही फक्त कोणाला सांगू नका. त्यांनी शब्द दिला. रोग्याचं नाव बाहेर सांगायचं नाही, हाही नियमच होता त्यांचा.

दहिसरच्या लोकांना सासूबाईंनी कळवलं की मुलीला यंदा गुरुबळ नाही, लग्न पुढच्या वर्षी. गुरुबळापुढे कोण काय बोलणार. त्यांनी मान्य केलं.

सुया लागू पडल्या. पहिले महिने वाईट गेले, कमरेखाली सुजायचं, तिला कुशीवर वळता यायचं नाही. मग हळूहळू ताप उतरला, भूक लागायला लागली. एक दिवस तिने आपणहून दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा सासूबाई चुलीकडे तोंड करून बसल्या ते बराच वेळ वळल्याच नाहीत. नंतरच्या फोटोत छातीतला डाग लहान झालेला दिसला. काकू रोज विचारायच्या, काय म्हणाला डॉक्टर? ज्या घरात महिनोन्‌महिने तिच्या खोकल्यापाशी झोपल्या, त्या घरात स्वतः कशा वाचल्या देव जाणे.

पण चाळीला आता वेगळाच वास लागला होता. नणंद-भावजय दोघी ट्रस्टमध्ये. एका घरात दोन मानधनं. मी सांगितलं, ती पैसे घेत नाही. कोण विश्वास ठेवणार? फुकट कोण राबतं, असं नळावर मला तोंडावर विचारलं. त्यात नवऱ्याने हप्त्यावर टेबलफॅन आणला. मग काय, पुरावाच मिळाला. दोघी मिळून ट्रस्ट खातायत. पोरगी काम काय करते? कापूस गुंडाळते. आणि तब्येत बघा कशी सुधारली, खाऊन खाऊन. ज्या बायकांनी मला नजर ठेवायला पाठवलं होतं, त्याच आता माझ्यावर नजर ठेवून होत्या. मला बोलायला दोन शब्द पुरे होते, आणि तेच दोन शब्द तोंडाबाहेर काढायचे नव्हते. मी नळावर भांडणारी बाई, पण त्या वर्षी हंडा भरून गुपचूप जिना चढायला शिकले. रात्री नवऱ्यावर चिडायचे तेवढंच.

ही बातमी दहिसरला पोचली. टीबीची नाही, चोरीची. ज्याने स्थळ आणलं होतं तो मध्यस्थ येऊन खुर्चीच्या टोकावर बसला, चहाला हात लावला नाही. म्हणाला, ती माणसं सरळ आहेत, ज्या घरातली सून धर्मादायाच्या पैशाला हात लावते तिथे त्यांना सोयरीक नको. मला वाटलं, आता सासूबाई मला फाडून खाणार. मध्यस्थ गेल्यावर त्यांनी त्याचा गार झालेला चहा मोरीत ओतला आणि मला जेवायला वाढलं. नणंद तेव्हा केंद्रावर होती. रात्री तिला सांगितलं. ती रडेल असं वाटत होतं. ती नुसतं म्हणाली, माझ्यामुळे तू चोर झालीस.

वर्ष सरत आलं तसा तपासणीचा दिवस आला. या खेपेला बाईंबरोबर ट्रस्टचे एक म्हातारे विश्वस्तही आले होते. मंडळाच्या खोलीत सतरंज्या घातल्या, सगळ्या चाळीला बोलावलं. बायका झाडून आल्या, कारण त्यांना माझा निकाल लावायचा होता. विश्वस्तांचं दोन शब्द बोलून होतंय तोच आमच्या मजल्यावरची एक बाई उभी राहिली. म्हणाली, शेठ, तुम्ही पैसा देता, पण कुंपणच शेत खातंय. आणि बोट माझ्याकडे. बरोबर नणंदेकडेही. दुसरी म्हणाली, ही पोरगी इथे कशाला बसते ते सांगा आधी. बऱ्याच जणी माना हलवत होत्या.

विश्वस्तांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे. मी मान हलवली, नाही. बाई म्हणाल्या की आम्ही सगळं तपासलेलं आहे, इथे काहीही गैर नाही. खोलीत कुजबुज झाली. कोणीतरी मागून म्हणालं, त्याही सामील असतील. बाईंचे कान लाल झालेले मला दिसले. एरवी मला गंमत वाटली असती.

नणंद मागे भिंतीपाशी पाण्याचे पेले भरत होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि पुढे आली. मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला.

“टीबी मला झालाय,” ती म्हणाली. आवाज बारीकच होता, पण दारापर्यंत ऐकू गेला. “मी इथे सुया घेतल्या, आता गोळ्या घ्यायला येते. रोज. वहिनीने एक पैसा खाल्लेला नाही. तुम्हाला कळू नये म्हणून ती गप्प बसली.”

तो शब्द आमच्या चाळीत असा उघडपणे कोणी कधी उच्चारला नव्हता. लग्नाची पोरगी, आणि सगळ्या बायकांसमोर. आता घाटकोपरपासून दहिसरपर्यंत कुठलंच दार तिला उघडणार नव्हतं, आणि हे तिला माहीत होतं. ती तिथेच सतरंजीवर खाली बसली, डॉक्टरने दिलेल्या पेल्यातलं पाणी दोन घोट प्यायली आणि पेला समोर ठेवला. जिने बोट दाखवलं होतं, तिने मांडीवरचं पोर उचललं आणि सरकली. तिच्या बाजूची सरकली. तिच्यामागची साडीचा पदर गोळा करून उठली आणि लांब जाऊन बसली. डॉक्टर सांगत होता की आता तिच्यापासून कोणाला काही होत नाही, पण ऐकतंय कोण. नणंदेच्या भोवती सतरंजी मोकळी झाली. ती मान खाली घालून बसली होती आणि मला पुढे पाऊल टाकायचं सुचत नव्हतं, मी एकेकीची तोंडं बघत उभी.

सासूबाई दारात होत्या. त्या आत आल्या. वाटेतल्या बायका आपोआप बाजूला झाल्या. इतकी मोकळी जागा पडली होती, तरी त्या नेमक्या लेकीच्या अंगाला चिकटून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “सरक गो. माका बसाक होया.”

नणंद सरकली. सासूबाई बसल्या आणि तिच्यासमोरचा तिचा उष्टा पेला उचलून त्यातलं पाणी प्यायल्या.